प्रकाशाच्या वड्या पाडताना

बोटाला चिमट्यासारखा लावायचा पल्स ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत घरोघरी पोचला. त्याच्या आत काय असते असे विचारले, तर बहुतेक जण ‘लाल दिवा’ असे उत्तर देतात. प्रत्यक्षात दिवे दोन असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा अवरक्त, बहुतेक वेळा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. हे दोन्ही दिवे सेकंदाला शेकडो वेळा आलटून पालटून उघडझाप करतात आणि बोटातून पलीकडे किती प्रकाश पोचला, हे समोरचा संवेदक मोजतो. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते, तर ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषते. या फरकातून आणि नाडीच्या ठोक्यातून धमनीतल्या रक्ताचा ऑक्सिजन ओळखता येतो, हे जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले.

नवजात बालकांच्या कक्षात असाच, पण निळा प्रकाश लागतो. कावीळ झालेल्या बाळाला ज्या दिव्याखाली ठेवतात, त्याचा प्रकाश साधारण ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. बाळाच्या त्वचेतले बिलिरुबिन हा प्रकाश शोषते, त्याची रचना बदलते आणि ते शरीराबाहेर पडू शकते.

हे सगळे दिवे म्हणजे एलईडी. त्यांच्या पोटात, पारदर्शक आवरणाखाली, स्फटिकाचा एक तुकडा बसवलेला असतो. अनेकदा तो खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. यालाच चिप म्हणतात. पण ही चिप सुटी तयार होत नाही. एका गोल चकतीवर हजारो चिप एकत्र तयार होतात आणि मग ती चकती कापून त्या वेगळ्या कराव्या लागतात. एका डॉक्टरने या कापाकापीवर लिहावे याचे कारण असे, की या कापावर दोन माणसांचे आरोग्य अवलंबून असते. एक त्या प्रकाशाखाली झोपलेला रुग्ण आणि दुसरा कापणाऱ्या यंत्राजवळ उभा असलेला कामगार.

ताटातल्या वड्या

या चकतीला वेफर म्हणतात. बटाट्याच्या वेफरशी तिचे नाते पातळपणापुरतेच. पांढऱ्या आणि निळ्या एलईडीसाठी ही चकती बहुधा कृत्रिम नीलमाची असते. अंगठीतल्या नीलमाचेच हे रासायनिक भावंड, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, फक्त रंगहीन. या चकतीवर गॅलियम नायट्राइडचे अवघे काही मायक्रॉन जाडीचे थर वाढवले जातात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. प्रकाश देतो तो हा पातळ थर. खालचा नीलम केवळ त्याला धरून ठेवणारा पाट. हे थर नीट वाढवणे इतके अवघड होते, की त्यातून कार्यक्षम निळा एलईडी घडवणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लाल आणि अवरक्त दिव्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे थर बहुतेक वेळा गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर वाढवतात. त्या नावात ‘आर्सेनिक’ आहे, हे लक्षात ठेवा. त्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता घरातले उदाहरण घेऊ. ताटात थापलेल्या खोबऱ्याच्या सारणाच्या वड्या पाडताना आपण उभ्या-आडव्या रेघा मारतो. कडेला वेड्यावाकड्या, अर्ध्या वड्या उरतात आणि सुरीला लागून थोडे सारण जातेच. चकतीचेही तसेच. समजा, चकतीचा व्यास १०० मिलिमीटर आणि चिप पाव मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटरची. दोन चिपमध्ये कापण्यासाठी ५० मायक्रॉनची वाट सोडली, तर कडेचे नुकसान धरले नाही तरी सुमारे साडेसत्तेचाळीस हजार चिप निघतात. तीच वाट २० मायक्रॉनची केली, तर सुमारे छप्पन्न हजार निघतात. थर वाढवण्याचा खर्च तोच, चकती तीच. केवळ सुरी बारीक झाली म्हणून आठ हजारांहून जास्त दिवे वाढले. एलईडी बल्ब सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्यामागे अशा अनेक बारीक बचती आहेत.

कापायला हट्टी दगड

पण सुरी बारीक करणे सोपे नाही. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापनात हिऱ्याला १० गुण आहेत आणि नीलमाला ९. त्यामुळे नीलम कापायला हिराच लागतो. कापण्याआधी चकती मागून घासून साधारण १०० ते १५० मायक्रॉनपर्यंत पातळ केली जाते. मग ती एका गोल कड्यावर ताणलेल्या चिकटपट्टीवर बसवतात, म्हणजे कापल्यावर हजारो तुकडे इकडेतिकडे पांगत नाहीत.

सर्वांत जुनी रीत काच कापणाऱ्याची. हिऱ्याच्या टोकाने वरून रेघ ओढायची आणि मागून दाब देऊन त्या रेघेवर चकती मोडायची. काचेच्या दुकानात आपण हे पाहिलेले असते. गॅलियम आर्सेनाइडला ही रीत मानवते, कारण तो ठिसूळ स्फटिक ठरावीक प्रतलांवर सरळ फुटतो. नीलमाचे तसे नाही. शिवाय नीलम आणि त्यावरचे गॅलियम नायट्राइड यांच्या स्फटिकरचना एकमेकींशी ३० अंशांनी फिरलेल्या असतात. त्यामुळे एकाला जिथे फुटणे सोयीचे, तिथे दुसरा साथ देत नाही. रेघ सरळ असली तरी भेग वाकडी जाऊ शकते.

दुसरी रीत गोल पात्याची. हिऱ्याचे बारीक कण धातूत बसवलेले, काही दशक मायक्रॉन जाडीचे पाते मिनिटाला हजारो, काही यंत्रांत तीस हजारांहून अधिक फेरे घेते. या यंत्रांसाठी जगभर ओळखली जाणारी जपानची ‘डिस्को’ कंपनी १९३७ मध्ये सुरू झाली ती घासदगड आणि सहाणचाके बनवायला. शुद्ध पाण्याचा फवारा पात्यावर सतत चालू असतो. तो पाते थंड ठेवतो आणि भुकटी वाहून नेतो. पण अतिशुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. त्यामुळे घर्षणाने स्थिर वीज साठते आणि तिच्या एका ठिणगीने नाजूक चिप मरू शकते. म्हणून या पाण्यात थोडा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम विरघळवतात. आपल्या सोड्याच्या पाण्याचाच हा सौम्य अवतार.

नीलमावर हे पाते भराभर झिजते, म्हणून लेसर आला. अतिनील लेसरने चकतीवर २०-३० मायक्रॉन खोल खाच जाळायची आणि मग ती मोडायची. यात वेग मिळतो, पण जळल्याची काजळी चिपच्या बाजूंना चिकटून राहते. ती का त्रास देते, ते पुढे पाहू. जपानच्याच हामामात्सु फोटोनिक्स या कंपनीने त्यापुढची युक्ती काढली. चकतीतून आरपार जाणाऱ्या रंगाचा लेसर घ्यायचा आणि भिंगाने तो पृष्ठभागावर न टेकवता चकतीच्या पोटात एका बिंदूवर एकवटायचा. वरची आणि खालची बाजू शाबूत राहते. आत मात्र सूक्ष्म भेगांची एक रांग तयार होते. मग खालची चिकटपट्टी चारी बाजूंनी ताणली की चिप एकमेकींपासून आपोआप सुटतात. वाट जवळजवळ लागतच नाही, पाणी लागत नाही आणि भुकटीही फारच कमी होते.

कडेवर ठरणारा प्रकाश

वडीची कड थोडी तुटली तरी चव बदलत नाही. चिपचे तसे नाही. स्फटिकात निर्माण झालेला प्रकाश सहजी बाहेर पडत नाही. पाण्याखालून तिरपे वर पाहिले की पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, तसाच तो स्फटिकाच्या आत पुन्हा पुन्हा परावर्तित होत राहतो. त्यातला बराचसा शेवटी बाजूच्या भिंतींतून बाहेर येतो. म्हणजे कापलेली बाजू ही चिपची खिडकी असते. तिच्यावर लेसरची काजळी राहिली तर प्रकाश तिथेच गिळला जातो. म्हणून अनेक कारखान्यांत लेसरनंतर गरम फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणाने या भिंती धुतात.

दुसरा धोका भेगांचा. कापताना कडेला राहिलेली न दिसणारी भेग दिवा पेटल्यावर तापते, विझल्यावर आकसते आणि हळूहळू आत सरकते. ती प्रकाश देणाऱ्या थरापर्यंत पोचली की तिथून वीज प्रकाश न देताच झिरपू लागते. अशी चिप पहिल्या दिवशी चाचणीत उत्तम दिसते आणि काही महिन्यांनी मंद होते. स्वस्त बल्ब लवकर जाण्यामागे अनेकदा त्याचे विद्युतमंडल किंवा साठलेली उष्णता असते. पण कापणीतली हयगय हेही त्यातले एक कारण असू शकते.

घरातला बल्ब मंद झाला तर आपण बदलतो. काविळीच्या बाळावरचा दिवा मंद झाला तर? इथे डॉक्टरचा संबंध येतो. अमेरिकन बालरोग अकादमीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीव्र प्रकाशोपचारासाठी बाळाच्या त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला किमान ३० मायक्रोवॅट इतका प्रकाश पडायला हवा आणि तो ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला हवा. आपला डोळा हे मोजू शकत नाही. निम्मा झालेला निळा प्रकाशही डोळ्याला तितकाच निळा आणि पुरेसा वाटतो. दिवा पेटलेला दिसतो, बाळ त्याखाली असते, नोंदवहीत उपचाराचे तास भरले जातात, पण बिलिरुबिन उतरत नाही. ते फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणून अशा दिव्याखालचा प्रकाश ठरावीक काळाने मापकाने मोजलाच पाहिजे.

शेजारी, तरी वेगळ्या

एकाच चकतीवरच्या दोन चिप जुळ्या असतील, असे वाटणे साहजिक आहे. पण थर वाढवताना चकतीचे तापमान मध्यभागी आणि कडेला किंचित वेगळे असते, वायूंचा प्रवाह वेगळा असतो आणि तेवढ्याने रंग काही नॅनोमीटरने सरकतो. भट्टीजवळची आणि दारातली भाकरी सारखी भाजत नाही, तसेच हे. म्हणून कापणीनंतरचा टप्पा निवडीचा. यंत्र प्रत्येक चिपला सुई टेकवून पेटवते, तिची तरंगलांबी, तेज आणि लागणारा विद्युतदाब नोंदवते आणि सारख्या चिप एका गटात टाकते. कापल्यावर पट्टी ताणून चिपमध्ये फट पाडलेली असते, ती उचलणीसाठी. काही पट्ट्यांवर अतिनील प्रकाश टाकला की त्यांचा डिंक सैल होतो आणि चिप अलगद सुटते.

तोरणातल्या दिव्याचा रंग पाच नॅनोमीटरने सरकला तर कुणाला कळणारही नाही. ऑक्सिमीटरमध्ये मात्र कळते. ६६० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचा आलेख उताराचा आहे. तरंगलांबी थोडी सरकली की शोषण बदलते आणि त्यावरून काढलेला ऑक्सिजनचा आकडाही. विशेषतः आकडा खाली घसरतो तेव्हा, म्हणजे तो अचूक असण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा, ही चूक वाढते. म्हणून काही कंपन्या बोटाच्या चिमट्यात, म्हणजे प्रोबमध्ये, एक लहानसा विद्युतरोधक बसवतात. या प्रोबमधला लाल दिवा नेमक्या कोणत्या तरंगलांबीचा आहे, हे तो मॉनिटरला सांगतो. एका कंपनीच्या मॉनिटरला दुसरीचा ‘बसतोय ना’ म्हणून लावलेला प्रोब दाब आणि नाडी बरोबर दाखवेलच, पण ऑक्सिजन बरोबर दाखवेल याची खात्री नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही. कारण दाब तर तो मोजतच नाही. तो मोजतो नाडी आणि ऑक्सिजन. नाडी बरोबर आली की आपण ऑक्सिजनवरही विश्वास ठेवतो आणि फसगत तिथेच होते.

कापणाऱ्याचे फुप्फुस

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळू. जगातली कापण्या-घासण्याची जवळपास प्रत्येक कला कामगाराच्या फुप्फुसाशी जोडलेली आहे. गुजरातमधल्या खंभातचे अकीक घासणारे कारागीर सिलिकोसिससाठी वैद्यकाच्या पुस्तकांत गेले. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडामुळे तरुण कामगारांना इतका सिलिकोसिस झाला, की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली.

एलईडीच्या चकतीत मोकळी सिलिका नसते, त्यामुळे सिलिकोसिसची भीती इथे मुख्य नाही. नीलमाची भुकटी तुलनेने निष्क्रिय असते. पण गॅलियम आर्सेनाइडची भुकटी निष्क्रिय नाही. श्वासावाटे आत गेलेले कण शरीरात काही प्रमाणात विरघळतात आणि आर्सेनिक मोकळे होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात गॅलियम आर्सेनाइड पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत आहे.

कारखान्यात यावर उपाय आहेत. चकती पाण्याखाली कापली की धूळ हवेत उडत नाही. यंत्राभोवती बंद पेटी आणि जागीच हवा ओढून घेणारी नळी असते. लेसर वापरला तर धुराची वेगळी व्यवस्था लागते. पण पाणी धूळ नाहीशी करत नाही, ती फक्त दुसरीकडे नेते. ते पाणी आर्सेनिकयुक्त असते. लोहाचे क्षार घालून आर्सेनिक खाली बसवावे लागते आणि तो गाळ धोकादायक कचरा म्हणून हाताळावा लागतो. शिवाय सर्वांत जास्त धूळ बहुतेक वेळा कापताना नव्हे, तर यंत्र साफ करताना अंगावर येते. वाळलेला गाळ खरवडणारा, गाळणी बदलणारा, फरशी झाडणारा माणूस अनेकदा कंत्राटी असतो आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्याचे नाव शेवटी असते.

‘ओले काम म्हणजे सुरक्षित काम’ हा समज किती महाग पडू शकतो, हे जपानमधल्या एका घटनेने दाखवले. इंडियम-टिन ऑक्साइड नावाच्या पदार्थाच्या लाद्या पाण्याखाली घासण्याच्या यंत्रावर काम करणाऱ्या २७ वर्षांच्या तरुणाला फुप्फुसाचा गंभीर आजार झाला आणि त्यात तो दगावला. २००३ मध्ये ती नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. हाच पदार्थ मोबाइलच्या पडद्यावर आणि अनेक एलईडी चिपवर पारदर्शक विद्युतथर म्हणून असतो. चिपवरचा थर अतिशय पातळ असतो आणि धोका होता तो लादी बनवणाऱ्याला, वापरणाऱ्याला नव्हे. पण त्याआधी हा पदार्थ बराचसा निरुपद्रवी मानला जात होता, हे महत्त्वाचे.

वाचकांसाठी

घरातल्या दिव्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. पांढऱ्या एलईडी बल्बमध्ये निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर असतो. त्यात आर्सेनिकची चकती नसते आणि सीएफएलसारखा पाराही नसतो. लाल आणि अवरक्त चिपमधले आर्सेनिक स्फटिकात बांधलेले आणि आवरणात बंद असते. मात्र जुने रिमोट, ऑक्सिमीटर, दिव्यांच्या माळा फोडू किंवा जाळू नयेत. त्या ई-कचऱ्यातच द्याव्यात.

रुग्णालये आणि नर्सिंग होमसाठी दोन गोष्टी. मॉनिटरला त्याच कंपनीने मान्य केलेला प्रोब वापरा. काविळीच्या दिव्याचे तास मोजा, त्याचबरोबर प्रकाशही मोजा आणि दिवा बाळापासून निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावरच ठेवा. बाळाच्या आईवडिलांनी ‘हा दिवा शेवटचा कधी मोजला?’ असे विचारले, तर त्यात रागावण्यासारखे काही नाही.

आणि कामगारांसाठी. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये, रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारलाच पाहिजे, असा आग्रह धरला. आमच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले: ‘कंपनीत आहे.’ कंपनीत नेमके काय, असे विचारल्यावरच कळते की माणूस कटिंगवर आहे, ग्राइंडिंगवर आहे की साफसफाईवर. खोकला, दम, त्वचेवरचे डाग किंवा हातापायांच्या मुंग्या घेऊन डॉक्टरकडे जाल तेव्हा कोणता पदार्थ हाताळता, तो कोरडा की ओला, यंत्र कोण साफ करते, हे न विचारताही सांगा. आर्सेनिकसाठी लघवीची तपासणी होते. तिच्याआधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी, खेकडे खाऊ नयेत, कारण त्यातले निरुपद्रवी आर्सेनिकही त्या आकड्यात येते आणि नसलेली विषबाधा दिसते. आर्सेनिकची विषबाधा आणि सिलिकोसिस हे आपल्या कामगार कायद्यात नोंदवणे बंधनकारक असलेले आजार आहेत. निदान करणाऱ्या डॉक्टरने ते कळवायचे असतात. पण डॉक्टर तेव्हाच कळवू शकेल, जेव्हा ‘कंपनीत’ या शब्दाच्या पुढचे वाक्य त्याच्या केसपेपरवर लिहिलेले असेल.